पंधरा शतांशाची फट

सासऱ्यांना कारखान्यात सगळे ‘मायक्रॉन’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांचा आक्षेप एवढाच होता, की आपण त्याहूनही सूक्ष्म मोजू शकतो.

एकतीस वर्षे त्यांनी तपासणी विभागात काढली. या काळात त्यांनी एकही वस्तू स्वतः बनवली नाही, दुरुस्त केली नाही किंवा चालवून पाहिली नाही. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू त्यांनी मोजल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा नापास केल्या. निवृत्त होऊन त्यांना आठ महिने झाले होते. एवढ्या अवधीत घरातल्या सगळ्या चौकटी काटकोनात नसल्याचे सिद्ध झाले होते, जेवणाच्या टेबलाचा चौथा पाय दोषी ठरला होता आणि रक्तदाबाच्या एकाच पाकिटातल्या गोळ्यांच्या जाडीत तफावत आढळल्याचे पत्र औषध बनवणाऱ्यांना रवाना झाले होते. उत्तर आले नव्हते. सासूबाईंच्या मते उत्तर न येणे हेच उत्तर होते.

जावई विमा कंपनीत जोखीम मोजण्याचे काम करी. अमुक वयाचा, अमुक धंद्याचा माणूस येत्या वर्षभरात मरण्याची शक्यता किती, हे तो चार दशांश स्थळांपर्यंत सांगू शके. सासऱ्यांना मात्र लग्नाला सहा वर्षे होऊनही ‘नको’ हा दोन अक्षरी शब्द त्याला एकदाही सांगता आला नव्हता. त्याच्या कपाटात सासऱ्यांनी निवडलेले तीन कोट होते. तिन्ही मापाने अचूक होते आणि तिन्ही त्याला आवडत नव्हते.

तो शनिवारी सकाळी बायकोसह सासरी आला, तेव्हा गाडीच्या टपावर त्याची डोंगरी सायकल बांधलेली होती. सासऱ्यांच्या घरापासून अर्ध्या तासावर एक टेकडी होती. तिच्या माथ्यावरून रविवारी सकाळी सायकलींची शर्यत सुटणार होती. सात किलोमीटर, सगळा उतार, आणि शेवटून दुसरे एक वळण असे, की शर्यतीतले लोक त्याला ‘दातपाडे’ म्हणत. या शर्यतीसाठी जावयाने आठ महिने सराव केला होता. आयुष्यात त्याने स्वतःहून पत्करलेली ही एकमेव जोखीम होती.

सायकल लिफ्टमधून चौथ्या मजल्यावर आली आणि दारातून आत ढकलली जात असताना वाजली. खिस्स. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, बारीकसे, खिस्स.

मायक्रॉननी वर्तमानपत्र खाली ठेवले. आठ महिन्यांत त्यांच्या चेहऱ्यावर एवढी टवटवी कोणी पाहिली नव्हती.

“हे काय वाजतंय?”

“काही नाही बाबा. ब्रेकची चकती पॅडला जराशी घासतेय. दोन मिनिटांचं काम आहे, करतो मी.”

“जावईबापू,” मायक्रॉन उठत म्हणाले, “दोन मिनिटांत होतं त्याला काम म्हणत नाहीत, अपघात म्हणतात.”

काम खरोखर दोन मिनिटांचेच होते. अशा सायकलीच्या चाकाला मध्यभागी पोलादाची एक पातळ चकती असते. ती दोन पॅडच्या मधून फिरते आणि दोन्ही बाजूंना केसाएवढी फट असते. लिव्हर दाबली की नळीतला द्रव पॅडना पुढे रेटतो, पॅड चकतीला चिमटीत धरतात आणि चाक थांबते. पॅडचा जबडा किंचित एका अंगाला सरकला, की चकती घासू लागते. त्यावर उपाय असा, की जबड्याचे दोन बोल्ट सैल करावेत, लिव्हर गच्च दाबावी म्हणजे जबडा आपोआप मधोमध येतो, आणि तशीच दाबून धरून बोल्ट आवळावेत. जावई हे घरी महिन्यातून एकदा करी, बहुधा फोनवर बोलता बोलता.

मायक्रॉननी मात्र गॅलरीत जुनी चादर अंथरली, सायकल उलटी ठेवली आणि कपाटातून निळ्या मखमलीचे अस्तर असलेली पेटी काढली. पेटीत पंख्यासारख्या उघडणाऱ्या पोलादी पत्त्या होत्या. प्रत्येकीवर तिची जाडी कोरलेली होती. ज्या जाडीची पत्ती फटीत अलगद जाते, तेवढी ती फट, असे हे साधे आणि सुरेख मापन. पत्त्यांवर गंजाचा ठिपकाही नव्हता, कारण एकतीस वर्षे दर शनिवारी त्यांना तेलाचा हात फिरत असे.

आज शनिवार होता. हात सकाळीच फिरला होता.

पंधरा शतांश मिलिमीटरची पत्ती पॅड आणि चकती यांच्या मधे शिरताना जावयाने पाहिली. तिच्यावरचा तेलाचा तवंग उन्हात चमकला. ब्रेकच्या पॅडला तेल लागले, की त्याचे ब्रेकपण संपते. ते तेल टिपकागदासारखे शोषून घेते आणि त्यानंतर चकतीला धरत नाही, नुसते कुरवाळते. हे शर्यतीतल्या नवशिक्यालाही माहीत असते.

“बाबा,” जावई म्हणाला, “त्या पत्तीला जरा...”

“जर्मन पोलाद आहे.”

“हो का,” जावई म्हणाला. “छानच आहे.”

बोलण्याची ही पहिली संधी. पुढे त्याने हिशेब केला तेव्हा अशा एकंदर नऊ निघाल्या.

तो आत आला. बायको पलंगावर लोळत मासिक चाळत होती. “घरी तूच करतोस ना हे?” तिने विचारले.

“हो.”

“मग सांग ना त्यांना.”

“वाईट वाटेल गं त्यांना. आठ महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी काहीतरी मोजायला दिलंय.”

“तू दिलं नाहीस, त्यांनी घेतलं. सहा वर्षं हेच चाललंय. ते घेतात आणि तू दिल्यासारखं करतोस.”

तेलाचे त्याने तिला सांगितले नाही. सांगितले असते तर ती तडक गॅलरीत गेली असती, आणि मग ते त्यानेच सांगितल्यासारखे झाले असते.

दुपारपर्यंत काम रंगात आले. पंधरा शतांशाची पत्ती एका बाजूला सहज जाईना, तेव्हा मायक्रॉननी लाकडी पट्टीने दोन्ही पॅड आत रेटले. मग मोजले. मग पुन्हा रेटले. प्रत्येक मापाला ती तेलकट पत्ती एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून जाऊन येई. पुढचे चाक झाल्यावर त्यांनी मागचे घेतले. मागचे वाजत नव्हते. “एकच मोजलं, तर तुलना कशाशी करायची?” त्यांनी विचारले. हा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष होता, आणि म्हणूनच दोन्ही ब्रेक गेले.

जावयाने सवयीने लिव्हरकडे हात नेला, तशी चपराक बसावी तसा आवाज आला. “हात लावू नका! दाबली की पॅड पुढे येतात. सगळं माप बिघडेल.”

“पण बाबा, चालवताना दाबावीच लागेल ना?”

“ते चालवणं झालं. वापरात माप बिघडतंच. आमची जबाबदारी वापराच्या आधी संपते.”

चार वाजता दोन्ही चाकांच्या चारही फटी पंधरा शतांश भरल्या. चाक फिरवले, तर हूं नाही की चूं नाही. मायक्रॉन ते कितीतरी वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी लेकीकडून नखे रंगवायची शेंदरी बाटली मागून घेतली आणि चारही बोल्टांच्या डोक्यांवर एकेक थेंब असा सोडला, की बोल्ट केसभर जरी फिरला तरी रंगाला तडा जावा. थेंब वाळत आल्यावर त्यांनी सुईने प्रत्येकावर आपले आद्याक्षर कोरले.

“सील,” ते म्हणाले. “आता याला कोणीही हात लावू शकत नाही.”

बरोबर तेच करायचे जावयाने ठरवले होते. संध्याकाळी सायकल खाली न्यायची, पॅड बदलायचे, बोल्ट सैल करून जबडा पुन्हा मधोमध आणायचा आणि तोंड मिटून वर यायचे. त्याच्या पिशवीत नव्या पॅडच्या दोन जोड्या होत्या, कारण तो दोन जोड्या बाळगणाऱ्यांपैकी होता. आता तो मार्ग शेंदरी थेंबांनी बंद झाला.

मायक्रॉन अहवाल लिहायला बसले. कारखान्याचे कोरे फॉर्म त्यांनी निवृत्तीच्या वेळी घरी आणले होते, निदान दोन निवृत्त्या पुरतील इतके. माप, उपकरण, तापमान, निरीक्षक. शेवटचा रकाना ‘कार्यचाचणी’ असा होता. त्यावर त्यांनी नेहमीचा रबरी शिक्का उठवला: लागू नाही. वस्तू चालते की नाही हे पाहणारा विभाग कारखान्यात पलीकडच्या इमारतीत होता, आणि एकतीस वर्षांत मायक्रॉनना तिकडे जाण्याचे कारण पडले नव्हते.

जावई खोलीत गेला आणि शर्यतीच्या पत्रकाच्या पाठीवर गणित मांडून बसला. तेल प्यायलेले पॅड, आत ढकलून ठेवलेले, सात किलोमीटर उतार, दातपाडे वळण. उत्तर त्याच्या कंपनीने विमा नाकारावा असे आले. दुसऱ्या बाजूला सासऱ्यांना ‘तुमचं चुकलं’ असे सांगण्याची किंमत होती. ती आकड्यात बसेना, म्हणून त्याने ती अनंत धरली. व्यवसायात असे कोणी केले असते, तर त्याने त्याला त्याच दिवशी हाकलले असते.

सहाच्या सुमारास सासूबाई ओळीने वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीत आल्या. घड्या घालता घालता त्यांनी सायकलीकडे पाहिले.

“झाली का हो?”

“झाली. पंधरा शतांश. चारही बाजूंनी.”

“आणि थांबते का?”

मायक्रॉननी पेटीचे झाकण लावले.

“अगं, थांबणं हा वेगळा विभाग,” मायक्रॉन म्हणाले.

“तो विभाग आपल्या घरात कुठे आहे?”

“माप बरोबर असलं की...”

“अहो, मी मापाचं नाही विचारलं. उद्या जावईबापू त्या टेकडीवरून सुटणार. थांबतील का, एवढंच विचारलं. जावईबापू, तुम्ही चालवून बघितलीत का?”

सगळे जावयाकडे पाहू लागले. ही आठवी संधी, आणि ती पायघड्या घालून आली होती.

“बाबांनी केलंय म्हणजे...” जावई म्हणाला. वाक्य त्याने तिथेच सोडले.

“बघा!” मायक्रॉन म्हणाले. मात्र सासूबाईंचा प्रश्न त्यांना खोल लागला होता. “तुला एवढाच संशय असेल तर मी स्वतः बसतो. चला खाली.”

इमारतीच्या दारापासून फाटकापर्यंत साठेक पावलांचा फरसबंद उतार होता. फाटकापाशी पहारेकऱ्याची प्लॅस्टिकची खुर्ची होती आणि तिच्यामागे कमरेएवढे दाट झुडपांचे कुंपण. मायक्रॉननी उतारावर नजर टाकली. “एकास आठ,” ते म्हणाले, आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच सायकलीवर टांग टाकली.

नववी संधी सुमारे सहा सेकंदांची होती. जावयाचे तोंड उघडले. त्याच्या मनात वाक्य पूर्ण तयार होते: बाबा, उतरा, ब्रेक लागणार नाही. सोपे शब्द, एकही जोडाक्षर अवघड नाही.

“बाबा,” तो म्हणाला, “हेल्मेट.”

आणि त्याने ते स्वतःच्या हातांनी सासऱ्यांच्या डोक्यावर चढवून हनुवटीखाली पट्टा आवळला. अदबीने.

मायक्रॉन सुटले. पहिली वीस पावले झकास गेली, चाक खरोखरच वाजत नव्हते. मग त्यांनी दोन्ही लिव्हर दाबल्या. लिव्हर मुठींना जाऊन टेकल्या आणि बाकी काही घडले नाही. त्यांनी पुन्हा दाबल्या, या खेपेला पॅड चकतीपर्यंत पोहोचले आणि तेलावरून सुळकन सरकले. पहारेकऱ्याने येणाऱ्या प्रत्येक वाहनाला करी तसा उभे राहून सलाम ठोकला. हे वाहन थांबणारे नाही हे त्याच्या ध्यानात आले तेव्हा तो सलाम अर्धवट टाकून बाजूला उडी मारता झाला. खुर्ची गेली. सायकल कुंपणाला अडली. मायक्रॉन अडले नाहीत. ते कमरेपर्यंत कुंपणाच्या पलीकडे, रस्त्याच्या बाजूला निघाले आणि तिथेच लटकून राहिले.

सासूबाई, बायको आणि जावई धावले. गुडघा सोलवटला होता, कोपराला खरचटले होते, चष्मा शाबूत होता.

“ब्रेक लागला नाही,” मायक्रॉन कुंपणातून म्हणाले. आवाजात वेदना कमी आणि आश्चर्य जास्त होते.

“मला माहीत होतं,” जावई म्हणाला.

ते त्याच्या तोंडून निसटले. दिवसभर न निघालेले वाक्य, निघाले तेव्हा उपयोग संपल्यावर निघाले. बायको वळली.

“तुला माहीत होतं?”

“म्हणजे... पत्तीला तेल होतं. ते पॅडना लागलं. सकाळीच.”

“तुला सकाळपासून माहीत होतं, आणि तू त्यांना हेल्मेट दिलंस?”

सभ्यपणा म्हणून जे त्याने सहा वर्षे जपले होते, ते आत्ता कुंपणातून बाहेर ओढले जात होते आणि सासऱ्यांच्या गुडघ्यातून रक्त येत होते.

“आणि उद्या स्वतः असाच जाणार होतास?” तिने विचारले.

“ठरलं नव्हतं अजून.”

“आई, बाबांना आत घे आणि याला इथेच राहू दे,” ती म्हणाली. “नाहीतर दोघांनाही राहू दे.”

मायक्रॉनना बाकावर बसवले. सासूबाईंनी औषधांच्या डब्यातून स्पिरिट आणले आणि गुडघा पुसला. मायक्रॉन ओरडले नाहीत. ते जावयाकडे बघत होते, नापास मालाकडे बघावे तसे.

“तेल कधी पाहिलंत तुम्ही?”

“पहिली पत्ती घातलीत तेव्हा.”

“निरीक्षण लपवलंत.”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“एकतीस वर्षांत मी चार हजार कामगारांना वाईट वाटायला लावलं,” मायक्रॉन म्हणाले. “माल नापास आहे म्हणून तोंडावर सांगितलं. एकजण मेला नाही त्यानं. आणि तुम्ही माझ्या मनाला जपता जपता मला मारायला निघालात.” सायकल समोर आडवी पडली होती आणि चारही शेंदरी थेंब अभंग होते. “फोडा ते सील.”

जावयाने उरलेल्या स्पिरिटने चकत्या पुसल्या, जुने पॅड काढून नवे बसवले, पॅड पुढे येईतो लिव्हर पुन्हा पुन्हा दाबली. मग बोल्ट सैल केले, लिव्हर गच्च धरली आणि आवळले. शेवटी त्याने जबड्यामागे पांढरा कागद धरला आणि चकतीच्या दोन्ही अंगांना उजेडाची रेघ दिसते का तेवढे पाहिले. या सगळ्यात बॅटरी मायक्रॉननी धरली होती. दोनदा ते मखमली पेटी आणायला उठले आणि दोन्ही वेळा सासूबाई खाकरल्या.

मग जावई त्याच उतारावरून सुटला आणि निम्म्यावर असा थांबला, की मागचे चाक वीतभर उचलले गेले. पहारेकऱ्याने नव्या जागेवरून, कुंपणापासून दूर उभे राहून, सलाम पुरा केला.

सायकल चढावर ढकलताना आवाज आला. खिस्स. पहिल्यापेक्षा बारीक, पण प्रत्येक फेऱ्याला एकदा.

मायक्रॉनचे कान टवकारले. त्यांचे ओठ दोनदा हलले, आणि एका माणसाला तोंड मिटायला किती बळ लागते याचे ते प्रात्यक्षिकच होते.

रविवारी सकाळी एकशे चाळीस सायकली टेकडीवरून सुटल्या. जावई शंभराव्या क्रमांकाच्या आसपास होता, म्हणजे त्याच्या स्वतःच्या अंदाजानुसार. दातपाड्या वळणाअलीकडे त्याला समोर, वाटेच्या ऐन मधोमध, प्रेक्षकांची दोरी ओलांडून नुकताच आलेला एक माणूस दिसला. गुडघ्याला पट्टी, हातात फॉर्मचा पॅड, कानावर पेन्सिल. सासूबाई आणि बायको दोरीमागे उभ्या राहून त्याला हाका मारत होत्या. तो हलत नव्हता. चाचणी म्हणजे चाचणी.

“बाबा!” जावई ओरडला. “नको! बाजूला व्हा! बाजूला!”

सहा वर्षांत पहिल्यांदा तो शब्द निघाला, आणि तोही तीनशे माणसांदेखत. त्याने दोन्ही लिव्हर आवळल्या. चाकांनी माती ओढली, सायकल तिरकी झाली, सरळ झाली आणि थांबली.

मायक्रॉननी खिशातून टेप काढला. वाकताना गुडघा दुखला, तरी ते वाकले आणि पुढच्या चाकापासून स्वतःच्या गुडघ्यावरच्या पट्टीपर्यंतचे अंतर मोजले.

“बेचाळीस सेंटिमीटर,” ते म्हणाले, आणि ‘कार्यचाचणी’च्या रकान्यात आयुष्यात पहिल्यांदाच आकडा लिहिला. “पास. आणि जावईबापू, तो शब्द काल सांगायचा होता.”

मागून येऊन जेमतेम थांबलेल्या तिघांनी सासरे-जावयांना उद्देशून जे शब्द वापरले, त्यांसाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता.